गोरखच्या गाडीतलं पाणी

भिसे खिंडीच्या दुसऱ्या वळणावर तापमानाचा काटा लाल रेघेला जाऊन टेकला. मागं पेणहून भरलेली पोह्यांची पोती, पुढं चढ, आणि बॉनेटच्या फटीतून वाफेची पहिली रेघ. गोरखनं पिकअप कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि खाली उतरून चाकाला दगड लावला. झाकणाला मात्र हात लावला नाही. गरम इंजिनाचं झाकण उघडायचं नाही, पाणी बघायचं ते सकाळी, इंजिन थंड असताना. रोह्याच्या बाबाजी मिस्त्रीनं अकरा वर्षांपूर्वी त्याला हे शिकवलं होतं, आणि हा नियम गोरखनं एक दिवसही मोडला नव्हता. घोटाळा नेमका तिथंच झाला होता, पण ते त्याला अजून माहीत नव्हतं.

गाडी हैबतराव शेटची. रोह्याच्या अलीकडच्या गावातला हा भातशेतीवाला माणूस. भात आणि वाल यातलं सगळं कळायचं, इंजिनातलं काही नाही. त्यामुळं गाडी बिघडली की तो कुणावर तरी ओरडायचा आणि मग त्याला बरं वाटायचं. गोरख त्याचा ड्रायव्हर. सकाळचा माल पेणहून भरायचा असायचा म्हणून गाडी रात्री गोरखच्या वाडीवरच उभी राहायची. धरमतर खाडीच्या बाजूला, खारजमीन संपून टेकडी सुरू होते तिथं ही वीस-बावीस घरांची कातकरी वाडी.

ड्रायव्हर होण्याआधी गोरख दिवाळीनंतर बायको-पोरीसकट वीटभट्टीवर जायचा आणि पावसाच्या तोंडावर परत यायचा. त्याचा बाप तसाच गेला होता, आजाही तसाच. हातात स्टिअरिंग आलं आणि घराला कुलूप लावणं संपलं. करिश्मा यंदा नववीत होती. बारा महिने शाळेत जाणारी वाडीतली पहिली पोरगी. गोरखला गाडीचं एवढं प्रेम का होतं हे कुणी विचारलं असतं, तर त्यानं इंजिनाची तारीफ केली असती आणि पोरीचं नाव काढलं नसतं. तसा तो लाजाळूच.

पोती दुसऱ्या टेम्पोत भरून पुढं गेली आणि पिकअप दोरानं ओढत बाबाजीच्या गॅरेजात आली. बाबाजीनं दुपारभर खोलाखोल केली. तोवर हैबतराव मोटरसायकलवरून येऊन थडकला.

"काय निघालं?"

"हेड गॅस्केट गेलंय शेट. ऑइलात पाणी उतरलंय, बघा, चहासारखं झालंय. रेडिएटर चोंदलाय. आणि पाण्याचा पंप..." बाबाजीनं पंप पुढं केला. आतली पाती उंदरानं कुरतडल्यासारखी झाली होती.

हैबतरावचा पारा इंजिनाच्याही वर गेला. "दोन महिनं नाय झालं हा पंप घालून! तूच घातलास! डुप्लिकेट माल मारलास माझ्या गाडीत?"

"पंप चांगला होता शेट."

"चांगला? हा? तीस वर्सं तुझ्या दारात गाडी उभी केली मी, डोळं झाकून. आजपासून नाय. आणि गावातल्या बाकी गाड्या पण येणार नाईत, मी सांगतोच एकेकाला."

बाबाजीनं रेडिएटरच्या तोंडाशी साचलेला पांढरा थर नखानं खरवडला, जिभेच्या टोकाला लावला आणि थुंकला. मग त्यानं गोरखकडे पाहिलं. एकदाच. गोरखला त्या बघण्यात सगळं कळलं, आणि बाबाजीला कळलंय हेही कळलं.

"माझ्याच पारखण्यात चुकी झाली असंल," बाबाजी हैबतरावला म्हणाला. "मी दुसरा पंप घालून देतो."

आता गोरखनं फक्त गप्प राहायचं होतं. एवढं सोपं काम आयुष्यात कुणी त्याला दिलं नव्हतं. शेट ओरडून दमला असता, गाडी दुरुस्त झाली असती, करिश्मा दहावीत गेली असती. पण ज्या म्हाताऱ्यानं आपल्याला गाडी पुसायला ठेवून गाडी चालवायला शिकवलं, तो आपल्यासाठी तीस वर्षांचं नाव मातीत घालतोय, हे त्याला बघवेना.

"शेट, मिस्त्रीची चूक नाय. पाणी मी घातलं. खारं."

"खारं म्हंजे?"

"वाडीवरच्या बोअरचं. गाडीतलं पाणी रोज थोडं थोडं कमी व्हायचं. पाइप कुठंतरी पाझरत असंल. मी रोज सकाळी भरत गेलो."

"आणि मला नाय सांगितलंस?"

"तुम्ही म्हणाल, ड्रायव्हर गाडी सांभाळत नाय."

"अरे, पण खारं कशाला? गोडं पाणी मिळत नाय तुमच्यात?"

"मिळतं." गोरख जमिनीकडे बघत म्हणाला. "ते नंदा आणते, माझी बायको. वर डोंगरात झरा हाय. उन्हाळ्यात चारला उठून जाते, सातला येते. दोन हंडे. पिण्यापुरतं होतं. ते इंजिनात ओतायला हात होईना, शेट. म्हटलं, इंजिनाला काय, जीभ थोडीच हाय."

हैबतरावनं ओरडायला तोंड उघडलं होतं ते तसंच मिटलं. मग तो हात पुढं करून म्हणाला, "चावी दे. आणि घरी जा."

गोरख एसटीनं पेणला आला आणि तिथून वाडीवर. नंदाला सगळं सांगितलं. ती शांतपणे ऐकेल असं त्याला वाटलं होतं. ती भडकली.

"मला सांगायचं ना! एक खेप जास्त केली असती मी!"

"तीच तर करू द्यायची नव्हती."

"मग आता काय? भट्टीवर विटांचा गारा तुडवायला तरी जाऊ देशील ना?"

बोलली आणि तिचे डोळे भरून आले. गोरखलाही रडू आलं, पण करिश्मा ओट्यावर पुस्तक घेऊन बसली होती, म्हणून दोघांनी ते गिळलं. भट्टीच्या मुकादमाचा नंबर गोरखच्या फोनमध्ये अजून होता. पुढचे चार दिवस तो नंबर काढायचा, बघायचा आणि फोन खिशात ठेवायचा.

पाचव्या दिवशी, ऊन उतरताना, वाडीच्या कच्च्या रस्त्यावर ओळखीचा आवाज आला. आवाज बरा होता. इंजिन तापलेलं नव्हतं, हे गोरखला गाडी दिसायच्या आधीच कळलं. पिकअप चालवत होता बाबाजी. शेजारी हैबतराव. गाडीत दोन निळे पिंप, रिकामे.

अकरा वर्षांत हैबतराव वाडीवर कधी आला नव्हता. त्याच्या घरी गोरखला चहा मिळायचा, तो भिंतीच्या कोनाड्यात वेगळ्या ठेवलेल्या कपातून. त्याबद्दल कधी कुणी काही बोललं नव्हतं. गोरख तो कप धुऊन परत तिथंच ठेवायचा.

"कुठाय ती बोअर?" हैबतरावनं उतरल्या उतरल्या विचारलं.

गोरखनं दाखवली. शेटनं स्वतः दांडा मारला, ओंजळीत पाणी घेतलं, तोंडात घातलं आणि लगेच थुंकून टाकलं. तोंड वाकडं करून तो उभा राहिला. आलेल्या माणसाला पाणी द्यायचं म्हणून नंदा लोटा भरून घेऊन निघाली होती. तीन पावलांवर येऊन ती थबकली. द्यावा की नाही, तिला ठरवता येईना. गोरखलाही.

हैबतरावनं हात पुढं केला. लोटा घेतला, तोंडाला लावला आणि एका दमात संपवला. एक थेंब सांडू दिला नाही.

"हे कुठून आणतेस, गो?"

नंदानं हनुवटीनं डोंगर दाखवला. हैबतराव बराच वेळ तिकडं बघत राहिला. एका टप्प्यापर्यंत पायवाट दिसत होती, मग झाडीत जात होती. त्याचा राग कुठंतरी बाहेर पडायला हवा होता, तो गोरखवर पडला.

"अक्कल गहाण टाकली होतीस काय रे? गाडीतलं पाणी कमी होतंय एवढं बोलायला तुला अकरा वर्सं पुरली नाईत? एवढा घाबरतोस मला?"

"घाबरतो शेट."

बाबाजी फसकन हसला. हैबतरावनं पिंपांवर हात आपटला.

"हे दोन पिंप आता गाडीतच राहतील. रोज माल उतरवला की रोह्यात भरायचे. इंजिनाला पाणी लागतंय ना, म्हणून."

"शेट, इंजिनात आता पाणी घालायचं नाय," बाबाजी म्हणाला. "कूलंट भरलंय मी. हिरवं. पाझर पण बंद केला. पाण्याचं काम नाय तिथं."

"तू गप बस, मिस्त्री!" हैबतराव खेकसला. "गाडी माझी हाय. तिला किती पाणी लागतं ते मला कळतं." आणि गोरखकडे न बघता त्यानं पुढचं वाक्य कसंबसं संपवलं, "उरलं तर तुमचं तुम्ही बघा. उद्या सातला पोहे भरायचेत. उशीर करू नको."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पिंप भरून आले. वाडीतल्या बायांनी पिंपाभोवती गलका केला, वाटणीवरून दोघी-तिघींचं वाजलं, म्हाताऱ्या धोंडुबाईनं मध्ये पडून मापाला एक डबा ठरवला. दोन पिंपांत वीस घरं भागणार नव्हती. पण एक खेप वाचणार होती.

उजाडताना गोरख उठला तेव्हा नंदा अंथरुणात नव्हती. तो धडपडत बाहेर आला. ती डोंगरावर गेली नव्हती. आपल्या वाटणीच्या हंड्याशी उभी होती. तिनं लोटाभर पाणी घेतलं, इकडंतिकडं पाहिलं, आणि ते तोंडावर मारलं. गालांवर, मानेवर, पुन्हा डोळ्यांवर. लग्न होऊन वाडीवर आल्यापासून तिनं तोंड धुतलं होतं ते बोअरच्या पाण्यानं. मिठानं चुरचुरणारे डोळे पदरानं पुसत चुलीशी बसायची तिची रोजची रीत होती.

मागं गोरख उभा आहे हे कळल्यावर ती चोरी पकडल्यासारखी ओशाळली.

"एकच लोटा घेतला," ती म्हणाली.

गोरखनं तिच्या हातातून लोटा घेतला, हंड्यात बुडवून काठोकाठ भरला, आणि तिनं ओंजळ पुढं करेपर्यंत तसाच धरून उभा राहिला.