पाचव्या पायरीचा दीड इंच

मिस्त्रीने आयुष्यात पुष्कळ भिंती उभ्या केल्या, पण जिना बांधायचा म्हटलं की त्याला वेगळाच हुरूप यायचा. भिंत जराशी कलली तर पुढे कपाट लावून झाकता येतं, जिन्यात लपवाछपवी चालत नाही, असं तो म्हणायचा. त्यामुळे त्या तीन मजली इमारतीचा तळातला जिना नवा करायचं काम मिळालं तेव्हा स्वारी खुशीत होती. जुन्या पायऱ्यांच्या कडा इतक्या झिजल्या होत्या की एकेक मोजण्यात अर्थ नव्हता. त्याने खालपासून वरपर्यंतची सगळी उंची घेतली, बाराने भागली, आणि प्रत्येक पायरी सहा इंच एक सूत अशी चढवली. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तेवढाही फरक त्याने कुठे राहू दिला नाही. आठ दिवस लोक मागच्या लोखंडी जिन्याने गेले-आले, आणि नवव्या दिवशी नवा जिना खुला झाला.

दहाव्या दिवशी सकाळी सेक्रेटरीबाईंचा फोन आला. त्या पहिल्या मजल्यावर राहायच्या आणि इमारतीचा सगळा कारभार त्यांच्याकडेच होता.

"मिस्त्री, हातातलं टाका आणि आधी इकडे या. तुमच्या पाचव्या पायरीने काल तीन माणसं पाडली."

"पाडली म्हणजे?"

"म्हणजे आपटली! आणखी कशी पाडतात?"

मिस्त्री टेप आणि पाणसळ घेऊन धावतच आला. जिन्याच्या तोंडाशी तिन्ही जखमी हजर होते. वरच्या मजल्यावरचे निवृत्त सर, गुडघ्याला पट्टी बांधून. कपडे शिवणाऱ्या बाई, ज्यांचं गाठोडं सुटून गिऱ्हाइकांचे ब्लाउज जिनाभर पसरले होते. आणि सेक्रेटरीबाईंचे यजमान. ते डझनभर अंडी घेऊन वर निघाले होते.

"किती वाचली?" मिस्त्रीने विचारलं.

"एक," यजमान म्हणाले. "तीही नंतर हिने चिडून ओट्यावर आपटली."

मिस्त्रीने खाली बसून बाराच्या बारा पायऱ्या मोजल्या. सहा इंच एक सूत. सहा इंच एक सूत. पाणसळीतला बुडबुडा बरोबर मधोमध.

"तुमचा टेप खोटा असेल," सर म्हणाले आणि लंगडत वर जाऊन शाळेतली लाकडी फूटपट्टी घेऊन आले. फूटपट्टीचंही तेच म्हणणं पडलं. सरांनी ती उलटी करून पुन्हा लावून पाहिली.

मिस्त्री स्वतः दोनदा वर-खाली करून आला. काही झालं नाही.

"तुम्ही काय, बांधणारेच!" सेक्रेटरीबाई पदर खोचत म्हणाल्या. "बाजूला व्हा. मी दाखवते."

त्या निघाल्या. एक, दोन, तीन, चार झक्क चढल्या. पाचवीला धप्पकन पाय पडला, तोल गेला आणि त्यांनी कठडा गच्च धरला. "बघितलंत? खड्डा आहे इथे!"

पण मिस्त्री पायरीकडे बघतच नव्हता, तो त्यांच्या पायाकडे बघत होता. चार पायऱ्यांना पाय जेवढा उचलला गेला, त्यापेक्षा पाचवीला चांगला वरपर्यंत गेला होता. तिथे पायरी लागली नाही म्हणून हवेतूनच खाली आदळला होता.

"बाई, इथे एवढा उंच का उचललात पाय?"

"मी? छे! नेहमीसारखाच उचलला."

मिस्त्रीने भिंतीकडे पाहिलं. रंगकाम अजून व्हायचं होतं, आणि जुन्या जिन्याला लागून ओढलेला तपकिरी ऑइलपेंटचा पट्टा तसाच होता. जुन्या पायऱ्यांचा आकार त्यात जसाच्या तसा उमटला होता. त्याने टेप लावला. पहिली सहा इंच. दुसरी सहा. तिसरी, चौथी सहा. पाचवी साडेसात. पुढच्या सगळ्या पुन्हा सहा.

"सापडला चोर," तो म्हणाला. "जुनी पाचवी पायरी दीड इंच जास्त उंच होती. मी तो दीड इंच बाराही जणींत वाटून टाकला. तुमचे पाय अजून जुन्या पायरीवर चढतायत."

"काहीतरीच!" सर म्हणाले. "तीस वर्षं राहतोय मी इथे. दीड इंच आणि मला कळला नसता?"

"तुम्हाला नाही कळला, सर. पायांना कळला होता. त्यांनी तो तुम्हाला न सांगताच सांभाळून घेतला."

यावर सर काहीतरी बोलणार, एवढ्यात फाटकातून एक बाई आत आल्या. खांद्यावर पिशवी, तोंडाने अखंड बडबड. ही यजमानांची मोठी बहीण. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची, दोन-तीन महिन्यांतून एकदा भावाकडे यायची. वरच्या गॅलरीतून भाचरं ओरडली, "धडाम आत्या आली! धडाम आत्या आली!"

हे नाव तिने कमावलं होतं. गेली बारा वर्षं ती दर खेपेला या जिन्यात ठेचकाळायची.

"ताई, सांभाळून गं!" भाऊ सवयीने म्हणाला, आणि तिच्या खांद्यावरची पिशवी घ्यायला झपाझप पुढे गेला.

ताई बसच्या कंडक्टरची तक्रार सांगत सांगत चढली. चार, पाच, सहा, सात... आणि वर पोचली. तिच्या मागून पिशवी घेऊन निघालेला भाऊ मात्र पाचव्या पायरीवर धाडकन गुडघ्यावर आला.

गॅलरीतून एक बारीक आवाज आला, "धडाम बाबा!"

सगळे हसले. ताईला काही कळेना. मिस्त्रीने तिला पट्टा दाखवला, टेप लावून दाखवला. "पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत पाय माप घेतात, ताई, आणि पुढे न बघता चालतात. या लोकांचे पाय रोज येऊन-जाऊन पाचवी शिकले. तुमच्या पायांनी सहा इंचाचं माप घेतलं, आणि पुढे साडेसात आली. तुम्ही बरोबर चालत होता. पायरी चुकीची होती."

ताई वरच्या पायरीवर खाली बसली.

"म्हणजे मी वेंधळी नव्हते?"

मिस्त्रीने पट्ट्यावरच्या पाचवीवर पुन्हा बोट ठेवलं.

"डोळे तपासून घेतले मी दोनदा. चपला बदलल्या. परक्या घरी गेले की भिंतीला हात लावून चालते मी, माहितेय?" ती भावाकडे वळली. "आणि तू! ज्याला त्याला सांगत फिरलास, आमच्या ताईला दोन डावे पाय आहेत म्हणून."

"चुकलं गं, ताई," भाऊ गुडघा चोळत म्हणाला.

"मोठ्याने म्हण. पोरांना ऐकू जाऊ दे."

तो मोठ्याने म्हणाला. गॅलरीतून टाळ्या पडल्या.

सेक्रेटरीबाईंनी मात्र मुद्दा सोडला नाही. "ते सगळं खरं, पण आता काय करायचं? मिस्त्री, पाचवी पुन्हा दीड इंच चढवून टाका."

"खबरदार!" नणंद कडाडली.

मिस्त्री हसला. "तशी गरज नाही, बाई. दोन दिवस पायांकडे बघून चढा. न बघता शिकले ते, बघून लवकर विसरतील."

मग ताईनेच सूत्रं हाती घेतली. वरच्या पायरीवर ठाण मांडून तिने सगळ्यांना कवायत करायला लावली. सर दहा खेपा, शिवणवाल्या बाई गाठोड्यासकट दहा खेपा, भाऊ वीस. "खाली बघ! गप्पा नंतर!" आठव्या खेपेला सरांचा पाय पाचवीवर हलकेच टेकला, तशी त्यांनी फूटपट्टी उंचावून विजय जाहीर केला. इतकी वर्षं एकमेकांशी धड न बोललेले सर आणि शिवणवाल्या बाई जिन्यात दर खेपेला समोरासमोर येत होते. तिसऱ्या भेटीला सरांनी विजारीच्या उसवलेल्या शिवणीचा विषय काढला.

तेवढ्यात सेक्रेटरीबाई चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या. काचेचे सहा कप, काठोकाठ भरलेले. घरात दूध उतू जायला आलं होतं, म्हणून घाईत त्यांनी ट्रे पुढे केला, "वन्सं, एवढा खाली नेऊन द्या हो," आणि आत पळाल्या.

ताई ट्रेकडे बघत राहिली. या घरात बारा वर्षांत तिच्या हाती कोणी काचेची वस्तू दिली नव्हती. ती उठली आणि बाराही पायऱ्या सावकाश उतरली. ट्रेमध्ये थेंबसुद्धा सांडला नाही.

"घ्या, मिस्त्री," ती म्हणाली. "पहिला कप तुमचा."