शनिवारचं पोटॅशियम

लातूरच्या हवेत दर शनिवारी पोटॅशियम सहापट वाढत होतं. ते का वाढतं, हे सोमवारपर्यंत सांगता आलं नाही तर मुबश्शिराच्या प्रबंधातून लातूर जाणार होतं.

प्रबंध दोन शहरांचा होता, नांदेड आणि लातूर. दोन्हीकडे एकेका गच्चीवर एक यंत्र. ते मिनिटाला हजार लिटरहून जास्त हवा ओढायचं आणि तिच्यातली डोळ्यांना न दिसणारी बारीक धूळ पांढऱ्या फिल्टरवर धरून ठेवायचं. आठवड्याला दोन फिल्टर, मंगळवारी आणि शनिवारी, चोवीस-चोवीस तासांचे. मग नांदेडच्या प्रयोगशाळेत त्या धुळीची फोड व्हायची. माती किती, गाड्यांची काजळी किती, सल्फेट किती, नायट्रेट किती.

लातूरचे मंगळवार शहाण्यासारखे वागत होते. पहिले दोन शनिवारही सरळ होते. तिसऱ्यापासून पोटॅशियम, सोडियम आणि क्लोराइड, तिन्ही एकदम चढले. ओळीने दहा शनिवार.

मुबश्शिराने कारण लिहिलं होतं, उसाचं पाचट जाळतात. तिच्या मार्गदर्शक धम्मप्रिया मॅडमनी त्यावर लाल पेनने काट मारली.

"वार बघून पाचट पेटवतात का गं? काडेपेटीला मंगळवारचा उपास असतो?"

"मग एखादा कारखाना असेल, मॅडम."

"फक्त शनिवारी चालणारा? पत्ता दे. मीच तिथं नोकरी धरते."

त्या शनिवारी दोघी न कळवता एसटीने निघाल्या. अहमदपूरच्या स्टँडवर चहा घेताना मॅडम म्हणाल्या, "कुणी फिल्टर हाताळत असेल तर लातूरचे चोवीसच्या चोवीस बाद. आधीच सांगून ठेवते."

मुबश्शिराने अर्धा चहा तसाच ठेवला.

गच्ची किशनरावांची होती. ते एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले. त्यांची मुलगी शिल्पा हॉस्टेलात मुबश्शिराच्या खोलीत राहायची, म्हणून ही जागा मिळाली. फिल्टर तेच बदलायचे. मॅडमनी त्यांची वही उघडली. वेळ मिनिटासकट, हातमोजे नवे, चिमटा धुतलेला. चूक काढायला जागा नव्हती.

"काका, यंत्राजवळ आणखी कोण जातं?"

"कोन जाणार? कबुतरंबी भेतेत त्याच्या आवाजाला."

दिवेलागण झाली. जिन्यात बांगड्या वाजल्या आणि किशनरावांच्या पत्नी सिंधुकाकू वर आल्या. एका हातात निखाऱ्यांचा तवा, दुसऱ्या मुठीत मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या. पाहुण्यांना त्यांनी मानेनेच थांबा म्हटलं, मूठ यंत्रावरून सात वेळा उतरवली, निखाऱ्यांवर टाकली आणि तवा यंत्राच्या तोंडाखाली सरकवला. तडतड झाली. धूर उठला आणि वाकून सरळ यंत्रात शिरला.

मॅडमनी मुबश्शिराकडे पाहिलं. मुबश्शिराने आकाशाकडे पाहिलं.

"काकू," ती कशीबशी म्हणाली, "हे काय करताय?"

"दृष्ट काढून राहिले. शेजारची बसम्मा म्हनली, किती गोरंपान मशीन हाय! दुसऱ्या दिवशी बंद. तवापासून दर शनिवारी काढते. बघ, पुन्हा बंद पडलं का?"

"फ्यूज गेला होता," किशनराव पुटपुटले.

"फ्यूज कशानं गेला?" काकूंनी विचारलं.

मॅडम खाली बसल्या होत्या. त्यांचे खांदे हलत होते. "मीठ," त्या बोटांवर मोजत म्हणाल्या, "म्हणजे सोडियम, क्लोराइड. मिरच्या, मोहरी म्हणजे पोटॅशियम. अगं, आपण दहा आठवडे दृष्ट मोजतोय!" आणि त्या इतक्या हसल्या की चष्मा टाकीखाली गेला.

चष्मा सापडल्यावर त्या पुन्हा मार्गदर्शक झाल्या. मंगळवारचे फिल्टर राहतील. शनिवारचे दहा बाद आणि आजचाही. तेवढे शनिवार पुन्हा घ्यायचे, पण या धुराशिवाय. नाहीतर लातूर गेलं.

"काकू, आता दृष्ट काढू नका ना," मुबश्शिरा म्हणाली.

"कसं बंद करू, पोरी? उतरतच न्हाई. इतक्या मिरच्या जाळल्या, एकदा तरी ठसका आला का? ठसका न्हाई म्हंजे दृष्ट हाय. अन् लई जबर हाय."

मुबश्शिराने यंत्रात शिरणाऱ्या धुराकडे पाहिलं. मग तिने जाऊन यंत्राचं बटन बंद केलं.

घरघर थांबली. तव्यावर अजून चार मिरच्या जळत होत्या. धूर यंत्राचा रस्ता विसरला, थोडा घुटमळला आणि गच्चीभर पसरला. आधी किशनराव खोकले. मग मॅडम, मग मुबश्शिरा. काकूंना तर असा ठसका लागला की पदर तोंडात कोंबावा लागला. पलीकडच्या गच्चीवर कपडे काढणाऱ्या बसम्मांना लागोपाठ पाच शिंका आल्या.

"उतरली!" काकू डोळे पुसत ओरडल्या. "बसम्मे, उतरली गं तुझी!"

"काय... उतरली... अव्वा?" बसम्मा शिंकांमधून विचारत होत्या.

"काकू, खरं सांगू का," मुबश्शिरा खोकत म्हणाली, "आजपर्यंत सगळा धूर यंत्रच ओढून घेत होतं. म्हणून ठसका येत नव्हता."

"मग मी काय म्हनून राहिले? ओढूनच घेत हुतं ते. आज सोडली."

"मग पुढच्या शनिवारी?"

"आता कशाला? उतरल्यावर कोन काढतं का?"

धम्मप्रिया मॅडमनी पाण्याचा घोट घेतला आणि मुबश्शिराच्या कानाशी म्हणाल्या, "वाद घालू नकोस. निष्कर्ष बरोबर आहे."

पुढचा शनिवार मंगळवारसारखा निघाला. त्याच्या पुढचाही. मॅडमनी उरलेले शनिवार घ्यायला होकार दिला आणि लातूर प्रबंधात राहिलं.

तिसऱ्या शनिवारी दुपारी मुबश्शिराचा फोन वाजला. पलीकडून किशनराव दबक्या आवाजात बोलत होते.

"मशीन बंद पडलं होतं, पोरी. वीस मिनिटं. फ्यूज बदलला, वहीत लिवलंय."

"वीस मिनिटं चालतील, काका. पण इतकं हळू का बोलताय?"

"काकू खाली हाय," किशनराव म्हणाले. "अन् आजच मिरच्या आनल्यात."