रेकॉर्ड खराब नाही

मी एक जुना अँप्लिफायर आहे, मित्रांनो, आणि माझ्या आतला आवाजाचा पडदा फाटका आहे हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर तुम्हीही म्हणाल, हा असा खरखरतो कसा! गिटारची वायर माझ्यात खोचली की पोटातले दिवे हळूहळू तांबूस होतात, अंगात ऊब चढते, आणि मला अर्धवट झोपेत असल्यासारखं वाटू लागतं. तेव्हा मी गातो.

मिसिसिपीहून शिकागोला येताना माझ्या मालकाने, गिटारवाल्या इलायने, मला ट्रकवर बांधलं होतं. दोर सुटला आणि मी रस्त्यावर आपटलो. इलाय डोक्याला हात लावून बसला. त्याच्या बायकोने, व्हर्डेलने, पिठाची खळ शिजवली, वाणसामानाच्या खाकी पिशवीचा तुकडा फाडला आणि माझ्या आतल्या कागदी पडद्याला ठिगळ लावलं. "गाईल हो तुझा डबा, तोंड नको पाडूस," म्हणाली. तेव्हापासून माझ्या आवाजात खरखर आली. पुढे वीस वर्षं इलाय चर्चमध्ये माझ्यावर देवाची गाणी वाजवायचा, आणि पहिल्या रांगेतल्या बायका डोळे मिटून डुलायच्या. काय दिवस होते ते!

इलाय वारला. व्हर्डेलची भाची ओडेसा त्याच्याकडेच गिटार शिकली होती. ती मला घेऊन गेली आणि दारूच्या गुत्त्यांत ब्लूज, म्हणजे प्रेमाची-दुःखाची गाणी, वाजवू लागली. देवाची गाणी सोडली म्हणून मावशीने तिच्याशी बोलणंच टाकलं. ओडेसाची बोटं मात्र अशी पळायची की बघणाऱ्याची नजर मागे राहायची. अखेर माझ्यावर वाजवलेली तिची रेकॉर्ड निघाली. क्लीटसने मला त्याच्या रेकॉर्डच्या दुकानात काचेमागे मांडलं आणि दाराबाहेरच्या कर्ण्यावर ती रेकॉर्ड लावली. मी लोकांची मतं ऐकत बसलो.

"बाई आहे की शिवणयंत्र?" शेजारचा न्हावी म्हणाला.

"तुझा वस्तरा असा चालला असता, तर आमचे कान शिल्लक राहिले नसते," क्लीटस म्हणाला.

मग एक बसचालक आला. "ही बदलून दे बाबा. खराब आहे, खरखरते." दुसऱ्या दिवशी आणखी सहाजण आले. क्लीटसने सुई बदलली, तरी खरखर तशीच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीने नवा कोरा अँप्लिफायर धाडला आणि ओडेसाला निरोप दिला: सगळं यावर पुन्हा वाजव, जुनी रेकॉर्ड आम्ही मोडीत काढतो, शनिवारपर्यंत कळव. ओडेसा माझ्यासमोर बसून म्हणाली, "लोकांना नकोच असेल, तर मी तरी काय करू रे?" मला बोलता आलं असतं तर!

शनिवारी दुपारी व्हर्डेल भाजीची पिशवी घेऊन समोरच्या फुटपाथवरून चालली होती. कर्ण्यावर रेकॉर्डमधलं संथ गाणं सुरू झालं. ती थबकली. मग रस्ता ओलांडून थेट दुकानात आली.

"मावशी, अगं मी..." ओडेसा उठली.

"गप. ऐकू दे."

गाणं संपेपर्यंत ती पिशवी छातीशी धरून उभी होती. मग म्हणाली, "संथ गाण्यातही बोटं एवढी काय पळवतेस? पोलीस लागलेत मागे?"

ओडेसाने मान खाली घातली. "खरखर काढतायत, मावशी. नवा अँप्लिफायर आलाय."

"खरखर काढतायत?" व्हर्डेलचा आवाज फुटला. "अगं, ती माझी खळ आहे! इलाय जाऊन पाच वर्षं झाली, आज रस्त्यात त्याने मला हाक मारली. काढलीस ना, तर माझ्या दारात पाऊल टाकू नकोस!"

ओडेसा रडत हसली. त्याच संध्याकाळी नवा अँप्लिफायर परत गेला. क्लीटसने काचेवर पाटी लावली: 'रेकॉर्ड खराब नाही. ती अशीच आहे.' बसचालक डोकं खाजवत आपली रेकॉर्ड परत घेऊन गेला. न्हावी मात्र अजून शिवणयंत्रच म्हणतो.

रविवारी चर्च सुटल्यावर व्हर्डेल वाटीत खळ घेऊन आली. झुरळांनी कुरतडलेल्या जुन्या ठिगळावर तिने तेवढंच नवं ठिगळ बसवलं आणि तळहाताने दाबून धरलं. तो हात किती ऊबदार होता!

म्हणून मित्रांनो, एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात काही खरखरत असेल, तर ते टाकून द्यायच्या आधी विचारा, याला ठिगळ कोणी लावलं होतं?