मेणाआधी मला ऐकू यायचे

विजेवर वाजणारी गिटार तुम्ही कुठे ना कुठे पाहिलीच असेल, मित्रांनो. तिच्या सहा तारांखाली, मानेला लागून, काडेपेटीहून थोडी मोठी अशी एक काळी पट्टी असते. ती मी. मला पिकअप म्हणतात. नाव ऐकून पुष्कळांना सामान वाहणारी गाडी आठवते, पण मी जन्मभर एका जागी बसून आहे. तार थरथरली की ती थरथर वेचायची, तिची वीज करायची आणि वायरीतून स्पीकरच्या पेटीकडे धाडायची, एवढेच माझे काम. आता माझ्या कडेचा रंग उडाला आहे, एका स्क्रूला गंज चढला आहे. कुणी विचारत नाही, म्हणून आपणहूनच सांगायला बसलो आहे.

माझा जन्म एका कारखान्यात, लांबलचक टेबलावर झाला. माझ्या पोटात दोन बॉबिन, म्हणजे तार गुंडाळायची रिळे, आहेत आणि त्यांच्याखाली एक लोहचुंबक. केसाहून बारीक अशी तांब्याची तार प्रत्येक बॉबिनवर पाच हजार वेढे घेते. एकीवर सुलटे, दुसरीवर उलटे. दिव्यांमुळे, वायरींमुळे जी गुणगुण आत शिरते ती या दोघी आपापसांत मिटवून टाकतात आणि गिटारचा सूर मात्र दोघी मिळून उचलतात. घरात धुसफुसणारी माणसे पाहुण्यासमोर एक होतात, तसेच काहीसे.

वेढे पुरे झाले की आम्हाला वितळलेल्या मेणात बुडवतात. मेण आतपर्यंत मुरले की वेढे हलत नाहीत, आणि मग पिकअप फक्त गिटारच्या तारांचे ऐकतो, दुसऱ्या कुणाचे नाही. मला गुंडाळणाऱ्या बाईंनी त्या दिवशी मला सगळ्यांत शेवटी बुडवले. मेण तोवर निवत आले होते, वर साय धरली होती. तेवढ्यात सुट्टीचा भोंगा झाला. बाईंनी मला लगबगीने वर काढले, फडक्याने पुसले आणि शेजारणीला म्हणाल्या, "चालतंय गं. एवढ्याशानं काय होणार आहे?"

माझ्या कानावर पडलेले हे पहिले शब्द. ते मला ऐकू आले, यातच सगळे आले. मेण अर्धवट लागलेला पिकअप माणसांचे बोलणेही पकडतो, आणि आवाज फार चढवला तर किंचाळतो. आमच्यात हा दोष समजतात. या दोषापायी मी दोन दुकानांतून परत आलो आणि शेवटी एका दुरुस्तीवाल्याच्या खणात येऊन पडलो.

हा दुरुस्तीवाला एकावर एक असे दोन चष्मे लावायचा, म्हणून सगळे त्याला चारडोळे म्हणत. हात सोन्याचा. त्याची एक सवय होती. सांगितलेले काम तर तो करायचाच, पण वर एखादे न सांगितलेले कामही करून द्यायचा, आणि त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. गिऱ्हाइकाला घरी गेल्यावर कळले की चारडोळ्यालाच मनातून आनंद व्हायचा.

एका सकाळी त्याच्याकडे एक मास्तर आले. ते शाळेत गाणे शिकवत. सोबत त्यांची बायको होती, ती कपडे शिवायची; ओढणीच्या टोकाला सुई टोचलेली तशीच राहिली होती. मास्तरांना गिटारच्या मानेजवळचा पिकअप बदलायचा होता.

"मास्तर, कान तुमचे, हात तुमचे," चारडोळे म्हणाला. "वहिनींना कशाला बसवून ठेवलंत?"

"हिला ऐकू येईल असा हवाय," मास्तर म्हणाले. "माझं काय, मला सगळेच आवडतात."

मग गोष्ट बाहेर आली. बाईंचे कान वरच्या सुरांपासून जात चालले होते. आधी कात्रीचा आवाज गेला, मग दारावरची घंटा, मग शेजारणींचे बोलणे. शिलाई मशीनची घरघर तेवढी शाबूत होती. बाकी समोरच्याचे ओठ पाहून अर्धेमुर्धे कळायचे. कानात घालायचे यंत्र आणून झाले होते. "त्या यंत्राचं काही सांगू नका," बाई म्हणाल्या. "ह्यांचा आवाज वाढवायचं सोडून वाट्या-चमच्यांचा वाढवतं." आणि मास्तरांच्या गिटारमधला जुना पिकअप एकाच बॉबिनचा होता. तो सतत गुणगुणायचा. ती गुणगुण खालच्या पट्टीतली, म्हणून बाईंना नेमकी तीच ऐकू यायची आणि गाणे तिच्याखाली बुडून जायचे.

"मग दोन बॉबिनचाच बघू या," चारडोळे म्हणाला. "आणि जागा तीच बरोबर आहे. खाली घोडीजवळ, म्हणजे तारा टेकतात तिथं, तार ताठ असते, तिथला आवाज टोचरा. मानेजवळ ती मोकळी हलते, तिथला भरीव."

"ह्याच्यात पण बॉबिन असते?" बाईंनी मला हातात घेऊन विचारले, आणि जवळचे कुणी भेटावे तशा हसल्या.

चारडोळ्याकडे एक पाठीमागून उघडी गिटार होती. तिच्यात पिकअप झटकन घालून, झटकन काढून बघता यायचा. बाई आमच्याकडे पाठ करून बसल्या. स्पीकरच्या पेटीवर त्यांनी तळहात ठेवला होता. पहिला पिकअप स्वच्छ, झळझळीत होता. त्याचा आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही. दुसरा दणदणीत होता. "येतोय, पण सगळं एकात एक गेलंय," त्या म्हणाल्या. "मलमलीवर सुतळीनं टाके घातल्यासारखं." मग माझी पाळी आली. मास्तरांनी एक एक करून चार तारा छेडल्या. बाईंनी बोटे मोजली आणि म्हणाल्या, "चार वाजवल्यात. तिसरी सगळ्यांत जाड."

"ह्याच्यात खोट आहे हं," चारडोळे म्हणाला. "मेण नीट बसलेलं नाही. चढवलं की किंचाळतो. बुडवून देऊ का?"

"राहू द्या," मास्तर म्हणाले. "आम्ही काय मैदानात वाजवणार आहोत?"

बाहेरून कुणीतरी हाक मारली म्हणून चारडोळे पुढच्या खोलीत गेला. मास्तर तार लावायला गिटारवर वाकले आणि स्वतःशीच पुटपुटले, "घ्यायचा का गं हा?"

"घ्या की," पाठमोऱ्या बाई म्हणाल्या.

मास्तरांचा हात खुंटीवरच राहिला. "तुला ऐकू आलं?"

"आलं. पेटीतून आलं." त्या वळल्या तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. "जरा जाडा झालाय, पण तुमचाच आहे."

मित्रांनो, त्या क्षणी मला माझ्या दोषाचा पहिल्यांदा अभिमान वाटला. पण त्या दोघांनी एक गोष्ट केली, आणि ती आज मला फार सलते. चारडोळे परत आला तेव्हा त्याला त्यांनी यातले काहीच सांगितले नाही. "लोक हसतील," बाई वाटेत म्हणाल्या. "नवरा गिटारीशी गप्पा मारतो म्हणतील." तेव्हा दोघेही खूप हसले, आणि गिटारच्या पिशवीत बसून मीही.

त्यानंतरची वर्षे माझ्या आयुष्यातली सोन्याची. त्यांच्या घरी एकाच खोलीत खिडकीशी शिलाई मशीन होते, भिंतीशी गिटार आणि दोन्हींच्या मध्ये, हाताच्या अंतरावर, पेटी. मास्तरांना काही सांगायचे असले की ते जाड तारेवर तीन ठोके द्यायचे. पेटीतून त्यांची थरथर मशीनपर्यंत पोहोचली की बाई मशीन थांबवून पेटीवर तळहात ठेवायच्या. मग मास्तर माझ्यावर वाकून बोलायचे. फार मोठे काही नसायचे. "तुझा चष्मा माझ्या खिशात आहे, घर पालथं घालू नकोस." "दूध तापलंय." "आज वर्गात एकानं इतका बेसूर लावला की खिडकीतलं मांजर उठून गेलं." यावर बाई म्हणायच्या, "मांजराला कान आहेत. नशीबवान." आणि पुन्हा मशीनला पाय लावायच्या.

मास्तरांनी एकदा माइकही आणून पाहिला. बाईंनी पहिल्याच वाक्याला पेटीवरचा हात उचलला. "हा घोषणा करणारा माणूस आहे," त्या म्हणाल्या. "मला तुम्ही हवेत." माझ्यातून जाणाऱ्या त्या जाड्याभरड्या आवाजाला त्यांचा कान सरावला होता. त्यात थोडे ऐकणे होते आणि बरेचसे ओळखणे. दर रविवारी त्या मऊ कापडाच्या तुकड्याने माझी धूळ पुसायच्या. पुढे मशीनची घरघरही त्यांच्या कानातून गेली. पेटीवरचा तळहात आणि पेटीतला मास्तरांचा आवाज, एवढेच उरले. ते माझ्या भरवशावर होते.

मग गिटारचा स्विच करकरायला लागला. अगदी क्षुल्लक काम. मास्तर गिटार चारडोळ्याकडे देऊन आले. "स्विच बघ फक्त," एवढेच म्हणाले. चार दिवसांत नेतो म्हणाले.

चारडोळ्याने स्विच एका दिवसात नवा केला. मग सवयीप्रमाणे तो आणखी काही करण्याजोगे शोधू लागला. त्याने गिटार पेटीला जोडली, आवाज चढवला. मी किंचाळलो. त्याला जुनी गोष्ट आठवली असावी. "अरे, तू तो होय," तो प्रेमाने म्हणाला. "मास्तर इतकी वर्षं तुला सहन करतायत?"

त्याने मला सोडवले आणि मेणाचे भांडे मंद आचेवर ठेवले. मित्रांनो, पेटीशिवाय मला ओरडता येत असते तर मी तेव्हा ओरडलो असतो. मी कढत मेणात बुडालो आणि माझ्यातून बारीक बारीक बुडबुडे वर निघाले. ती माझ्यातली हवा होती. तिच्यातूनच मी इतकी वर्षे ऐकत आलो होतो. चारडोळे ते बुडबुडे संपेपर्यंत चष्मे वर करून पाहत होता. "आता बघ कसा शहाण्यासारखा गप्प बसतोस," तो म्हणाला.

मी ऐकलेले हे शेवटचे माणसाचे शब्द. यापुढे कोण काय बोलले ते मला सांगता येणार नाही. जे दिसले तेवढे सांगतो.

मास्तर मला घरी घेऊन आले. तीन ठोके दिले. ते मी नीट पोहोचवले. बाईंनी मशीन थांबवले, तळहात पेटीवर ठेवला आणि मास्तर वाकून काहीतरी बोलले. त्यांच्या श्वासाची ऊब मला लागली, पण शब्द मेणाच्या बाहेरच राहिले. बाई थांबल्या. त्यांनी हात उचलून तळव्याकडे पाहिले, पुन्हा ठेवला. मग त्यांनी तोच हात कानाला लावला आणि मशीनवर डोके टेकवले. त्यांना वाटले, उरलेसुरले कानही गेले.

मास्तर जोरजोराने मान हलवत होते, माझ्याकडे बोट दाखवत होते. त्यांनी पुन्हा पुन्हा माझ्यावर तोंड नेले. शेवटी बाई उठून आल्या, गिटारवर वाकल्या आणि एकदम थबकल्या. त्यांनी मला हुंगले. मग मशीनच्या खणातून, दोऱ्याला लावतात तो मेणाचा खडा काढून त्यांनी मास्तरांच्या हातात ठेवला.

त्याच दुपारी दोघे चारडोळ्याकडे गेले. मास्तर बराच वेळ बोलत होते. चारडोळ्याने आधी एक चष्मा काढला, मग दुसरा, आणि स्टुलावर बसला. मग त्याने माझे मेण काढता येईल का ते पाहिले, आणि अंगठा व तर्जनी जुळवून दाखवले की तार फार बारीक आहे, तुटेल. खणातले सगळे पिकअप त्याने एक एक करून लावले. मास्तर प्रत्येकावर वाकून बोलले. पहिल्या वेळी याच खोलीत त्यांनी चांगला सूर निवडला होता; आता ते खोट शोधत होते, आणि ती कुणातच नव्हती. चारडोळ्याने आठवडाभर खपून एक बिनमेणाचा पिकअप स्वतःच्या हाताने गुंडाळला. तो बोलणे पकडत असावा, कारण मास्तरांचा चेहरा उजळला. पण बाईंनी तळहात ठेवून मन लावून ऐकले आणि माइकच्या वेळी उचलला होता तसाच हात उचलला. त्यांच्याकडे आता नवा आवाज ओळखायला शिकण्याइतके कान उरले नव्हते. मास्तरांनी मलाच परत बसवून घेतले. निदान तीन ठोके तरी पोहोचत होते.

पुढे मास्तर कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहू लागले. बाई त्या वाचून हसायच्या आणि मशीनच्या खणात ठेवायच्या. आणि एका वर्षी मास्तरांचा हात तारांवर यायचा थांबला. खोलीत पुष्कळ माणसे येऊन गेली, बसली, डोळे पुसून उठली. रविवारी माझी धूळ कुणी पुसली नाही.

मित्रांनो, मी कुणावर रागावलेलो नाही. चारडोळ्याने वाईट केले नाही, आणि मास्तर काही चुकीचे बोलले नाहीत. एकाने विचारले नाही, दुसऱ्यांनी सांगितले नाही, एवढेच झाले. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या हातात दुसऱ्यांच्या वस्तू येतील. एखादीतली खोट काढण्याआधी तिच्या माणसाला एकदा विचारा. आणि तुमची लाडकी वस्तू कुणाच्या हाती दिलीत, तर तिच्यात तुमचे काय आहे ते सांगा. लोक हसले तर हसू द्या.

हल्ली दुपारी बाई कधीतरी मशीनवरून उठतात. पेटीचे बटण दाबतात. बोटात शिवणाचे अंगुस्तान तसेच असते; त्यानेच जाड तारेवर तीन ठोके देतात. ते मी नीट पोहोचवतो. मग त्या, ज्या माझ्यातून कधीच बोलल्या नव्हत्या, माझ्यावर वाकतात. एक तळहात पेटीवर असतो. त्यांचे ओठ कितीतरी वेळ हलत राहतात, आणि मी माझे दहा हजार वेढे ताणून थांबतो. त्या मास्तरांना काय सांगतात ते मला ऐकू येत नाही, मित्रांनो.