डब्यावर कुणाचं नाव

मंगळवार होता. तनुजाला उपास होता, आणि बिबवेवाडीतल्या त्या दोन खोल्यांत डबे छापणारा महिपती पाय पसरून बसला होता. दिवाळीआधी हिंजवडीच्या एका कॉम्प्युटर कंपनीत तिच्या हातच्या दागिन्यांचं प्रदर्शन लागायचं होतं. मोत्यांच्या ठुश्या, तन्मणी, बाजूबंद, सगळं ओवून तयार. डब्यांवर नाव तेवढं उमटायचं होतं.

नावाचा प्रश्नच नव्हता म्हणा. पिंपरीचा कारखाना बंद पडून नवरा साईनाथ घरी बसला, तेव्हा सासूबाई मथुराबाई यमाईला नवस बोलल्या होत्या: सुनेच्या हाताला यश दे, धंद्याला तुझंच नाव देईन. यश आलं. पाठोपाठ साईनाथलाही कंपनीच्या पोरापोरींची ने-आण करणारी गाडी चालवायला मिळाली.

महिपतीने नमुन्याचा डबा पुढे केला. त्यावर कुंकवाच्या रंगात ‘यमाई’. तनुजाने तो कपाळाला लावला आणि हळूच विचारलं, “महिपतीभाऊ, दागिना घरी नेल्यावर लोक डब्याचं काय करतात?”

“पूजा करतात,” महिपती म्हणाला. “अहो वहिनी, पुठ्ठ्याचा डबा तो. कचऱ्याच्या बादलीत जातो.”

तिचा हात तिथेच थांबला. लग्नपत्रिकेवरचा गणपती कापून जपून ठेवणारी बाई ती.

“आई, देवीचं नाव खरकट्यात जाईल.”

“नवस माझा आहे,” मथुराबाई म्हणाल्या. “फेडायचा की नाही ते तू ठरवणार? आणि देवी कोपली तर कुणावर कोपेल? दिवसभर रस्त्यावर कोण असतं?”

रोख साईनाथवर होता, हे तनुजाला कळत होतं. सासूला तिने आजवर उलट शब्द दिला नव्हता.

“चालू द्या तुमचं,” महिपती म्हणाला. “मला काय, आजचा दिवस सुट्टीच आहे.”

“आई, मी देवीची ओटी भरेन, पाया पडून क्षमा मागेन. पण हे नाव नको. दोष लागला तर माझ्या माथी.” ती महिपतीकडे वळली. “माझं नाव छापा. ते कुणाच्या पायाखाली आलं तरी चालेल.”

मथुराबाई उठल्या आणि दारात जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. महिपती नमुन्याचा डबा उचलून निघून गेला.

साईनाथ दिवेलागणीला येई. दिवे लागले, समोरच्या इमारतीतल्या मालिका सुरू झाल्या, तरी तो आला नाही. मोबाइलवर बाई सांगत होती, फोन बंद आहे किंवा संपर्क क्षेत्राच्या बाहेर. तनुजा देवापुढे बसली होती. ओठांवर जप आणि कान जिन्याकडे. मोठ्या रस्त्यावरून ॲम्ब्युलन्स ओरडत गेली.

“ऐकलंस?” मथुराबाईंनी मान न वळवता विचारलं.

तनुजाच्या हातातली माळ सुटली. ती तिने उचलली, पण पुढचा मणी ओढवेना. आपण देवीचा मान राखला की देवीच्या तोंडचा घास काढला?

जिन्यात पावलं वाजली. साईनाथ होता. हात कोपरापर्यंत काळे.

“वाकडला चाक बसलं. स्टेपनी काढली तर तीही बसलेली. फोनचं चार्जिंग संपलेलं. अगं आई, असं काय बघतेस?”

मथुराबाईंनी त्याच्या पाठीवरून, दंडावरून हात फिरवला आणि मग भिंतीला टेकून खालीच बसल्या.

“तनुजा, उपास सोड आता,” त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, “त्या महिपतीला सकाळी फोन कर.”

“देवीचंच नाव घालायला?” तनुजाने विचारलं.

“तुझ्या नावाचं अक्षर जरा मोठं घे म्हणावं. आणि देवीपुढे तू एकटी उभी राहायचं नाहीस. नवस मोडला तो दोघींनी, असं सांगेन मी तिला.”