उचलू की ठेवू

मुलांच्या संरक्षणाचं काम पाहणाऱ्या त्या कार्यालयाचा कारभार वर्षानुवर्षं दोन शब्दांवर चालला होता. घरभेटीला गेलेली कार्यकर्ती दारातून फोन करायची, उचलू की ठेवू? पलीकडून जुन्या मॅडम एकच शब्द बोलायच्या. उचल म्हणजे मुलाला बरोबर घेऊन ये. ठेव म्हणजे घरच्यांकडेच राहू दे. मॅडम चुकत नसत असं नाही. पण चूक त्यांची असायची आणि झोप बाकीच्यांना लागायची. हा सौदा सगळ्यांना परवडत होता.

मॅडम निवृत्त झाल्या आणि खुर्ची ताईंकडे आली. ताई सगळ्यांत जुन्या कार्यकर्त्या. वरचे साहेबसुद्धा त्यांना ताईच म्हणत. खुर्चीपाठोपाठ नेतृत्वाचं प्रशिक्षण आलं. एका हॉटेलच्या सभागृहात मोठमोठ्या माणसांना कागदी पेल्यांचे मनोरे रचायला बसवलं. ताईंच्या गटाचा मनोरा सर्वांत आधी कोसळला, तरी शाबासकी त्यांनाच, कारण त्यांनी कोणाला दोष दिला नाही. उत्तरं देणारा प्रमुख हाताखालच्या माणसांना पांगळं करतो, असं प्रशिक्षकाने सांगितलं. खऱ्या नेत्याने प्रश्न विचारावा. ताईंनी खूणगाठ बांधली. शाबासकीची सवय नसली की माणूस ती जरा जास्तच जपतो.

परत आल्यावर पहिला फोन नवीचा. तिला नोकरीला लागून बरेच महिने झाले होते, पण तिच्यामागून कोणी आलंच नाही, म्हणून ती नवीच राहिली. जिन्यात उभी राहून ती दबक्या आवाजात सांगत होती. लहान मुलगी आहे, आई गप्प, सगळी उत्तरं मामा देतोय. मुलगी पाणी प्यायच्या आधीसुद्धा मामाकडे बघते. उचलू की ठेवू?

पाण्याचं ऐकलं आणि ताईंच्या जिभेवर 'उचल' आलं. त्यांनी ते गिळलं.

"तुला काय वाटतं?"

नवी म्हणाली, "ताई, तुम्हाला काय वाटतंय ते सांगा ना. मला तेच वाटेल."

ताई हसल्या. निर्णय तुझा, माझा विश्वास आहे, म्हणाल्या. विश्वास देणाऱ्याला स्वस्त पडतो.

नवीने मुलगी ठेवली.

त्याच आठवड्यात मुलगी इस्पितळात आली, हात मोडलेला. जिन्यावरून पडली, असं मामा म्हणाला. डॉक्टरांना ते पटलं नाही.

साहेबांनी दोघींना बोलावलं. वरून विचारणा झाली होती आणि वर पाठवायला एक नाव हवं होतं. नवीची नोकरी अजून पक्की नव्हती, तेव्हा नाव शोधायला लांब जायची गरज नव्हती. नवी रडत नव्हती. टेबलावरच्या टाचणीच्या डबीकडे बघत होती. ताईंनाही काही होत नव्हतं. दात काढण्याआधी हिरडी बधिर करतात ना, तसं.

"निर्णय कोणाचा होता?"

"माझा," ताई म्हणाल्या. "मला उत्तर माहीत होतं. मी दिलं नाही."

साहेबांना पहिला शब्द पुरला. याला म्हणतात नेतृत्व, ते म्हणाले, प्रशिक्षण वाया गेलं नाही. नवी वाचली. ताईंची चौकशी होणार होती. तोवर खुर्ची त्यांचीच, कारण तिच्यात बसायला दुसरं कोणी तयार नव्हतं.

दुपारी नवीचा फोन आला, दुसऱ्याच कुठल्या घराच्या दारातून. या वेळी तिला प्रश्नही पुरा करता आला नाही. ताईंनी पत्ता विचारला.

"आत जाऊ नकोस. मी येते."

त्या पोचल्या तेव्हा नवी पायरीवर बसली होती. ताईही बाजूला टेकल्या. दाराआड टीव्ही चालू होता. थोड्या वेळाने ताई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि त्यांनी बेल दाबली.

"आत गेल्यावर घरच्यांना मुलाला पाणी द्यायला सांग," त्या म्हणाल्या, "आणि बघ, ते आधी कोणाकडे बघतं."

नवीने मान हलवली. आतून कोणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला.