रुखमाची जागा

उशिरा हाती आलेलं संशोधन घ्यायला लोकगीतांच्या परिषदेने वेगळी मुदत दिली होती, आणि तीही आज संध्याकाळी संपत होती. हे हुकलं की साकोलीच्या रक्षाची गाणी गोळा करत केलेली इतक्या वर्षांची पायपीट कपाटात जाणार. तरी ती भरदुपारी दिघोरीत गिरजाबाईंच्या ओसरीवर बसली होती, लॅपटॉप मांडीवर आणि जीव मुठीत.

भाताच्या रोवण्याचं, लावणीच्या वेळचं ते गाणं दोघींचं. एकीने ओळ टाकायची, दुसरीने झेलायची. परवा रक्षाच्या फोनवर गिरजाबाई एकट्याच गायल्या, प्रत्येक ओळीनंतर थांबत. क्लिप आखूड हवी म्हणून रक्षाने त्या रिकाम्या जागा कापल्या. आज ऐकते तर सांध्यासांध्यात दुसरीच बाई गात होती. घोगरी, घाईघाईने; मिटत्या दारातून अंग चोरून आत शिरावं तशी.

आणि परिषदेचा नियम असा, की ज्याचा आवाज, त्याची संमती.

"आजी, परवा तुमच्या मागं कोण होतं?"

गिरजाबाईंनी फोन कानाला लावला. चेहरा एकदम उजळला.

"रुखमा होय थे. माही जोडीदारीन. पोळ्याच्या आंधी गेली ना वं!"

रक्षाने मधल्या जागा कापल्याचं सांगितलं.

"तू तिची जागा काहून कापली? मंग काय करन थे? घुसून राहिली बिचारी मधात. जित्तेपनी बी अशीच होती, आयकत नव्हती कोनाचं."

"आता मी काय करू, आजी? संध्याकाळच्या आत पाठवा लागते."

"जागा दे तिले. एक कडवं गातो, लाव तुहा फोन."

गिरजाबाईंनी ओळ टाकली आणि थांबल्या. अंगणातल्या कोंबड्यांनी दाणे टिपायचे सोडून माना वर केल्या. रक्षाने कान दिला. काही नाही, वाराही नाही. फोनच्या पडद्यावरची आवाजाची रेघ मात्र उठत होती, पडत होती, बरोबर एका ओळीएवढी. ती सपाट झाली तेव्हाच गिरजाबाईंनी मान डोलावून पुढची ओळ उचलली.

कडवं संपलं. रक्षाने ते न कापता परिषदेच्या अर्जाला जोडलं.

"तुमची संमती झाली. पण त्यांची?"

"झेलली ना तिनं ओळ? मनात नसलं का झेलत नव्हती थे, धानाच्या बांधीत तशीच उभी राहे. आनखी काय पाहिजे तुह्या लोकाईले?"

रक्षाने दुसऱ्या गायिकेचं नाव लिहिलं, संमतीच्या चौकटीत खूण केली. आणि पाठवायच्या आधी, खांद्यामागून कुणाला नीट वाचता यावं म्हणून, लॅपटॉप जरासा तिरका धरला.